मधले दहा सेकंद

९ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. पाकीट बघून तुम्हाला काळजी वाटेल, म्हणून आधीच लिहिते: आई बरी आहे, शिलाई मशिनवर बसली आहे. दादा कामावर गेला आहे. मीही ठीक आहे. काम तुमच्या गिटारचं आहे.

फोन का केला नाही, तर आमचं घर एका खोलीचं. फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं आणि हे दादाच्या कानावर जायला नको.

दादा म्हणतो, गिटारचा सूर टिकत नाही. ती लाल, तो कारखान्यात लागला त्या वर्षी तुम्ही स्वतःच्या हाताने बनवून दिलीत ती. सहा वर्षं त्याची काही तक्रार नव्हती. आता तो सगळ्यात पातळ तार बाराव्या पट्टीवर दाबतो, छेडतो, थोडा वेळ कान देतो आणि मान हलवतो. "मेला," म्हणतो. "निघाला नाही तोच मेला."

दर शनिवारी तो आणि त्याचे तीन मित्र स्टेशनजवळच्या हॉटेलात वाजवतात. त्यांच्या शेवटच्या गाण्यात एक लांब सूर आहे. सगळे थांबतात, एकटी दादाची गिटार चालू राहते, ती पूर्ण विरली की पुन्हा सगळे सुरू करतात. गेल्या तीन शनिवारी दादाने तो सूर मध्येच पुन्हा छेडला. ड्रमवाला दारात येऊन म्हणाला, "अरे बाबा, सूर चालू होता की अजून! गाडी सुटत होती का तुझी?" दादा त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. मला दादाचं पटलं. जन्मभर ते पत्रे बडवणाऱ्या माणसाला सूर काय कळणार?

पण काल दादा म्हणाला, "एप्रिलपर्यंत बघतो. नाही जमलं तर खिळ्याला टांगतो, कायमची." मामा, कारखान्यातल्या प्रेस मशिनवरून आल्यावर तो दुसरं काहीच करत नाही. पत्ते नाहीत, टीव्ही नाही, या वाजवणाऱ्या तिघांशिवाय मित्रही नाहीत. ती टांगली तर संध्याकाळी सहापासून पुढे तो काय करेल, मला सुचत नाही.

आता माझी चूक. मागच्या वर्षी घर आवरताना मी ती गिटार ओल्या फडक्याने पुसली होती. दादाला सांगितलेलं नाही. पाणी आत जाऊन असं होतं का? माझ्यामुळे झालं असेल तर कृपा करून स्पष्ट लिहा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सही करून स्टॉपवॉच आणलं आहे. दादा कामावर असताना, स्पीकरचं बटण दोनवर ठेवून दहा वेळा मोजलं. सरासरी साडेआठ सेकंद आली. कमी आहे का?

तुमची भाची


१६ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

तुला घरात अजून वकीलच म्हणतात ना? की कॉलेजात गेल्यावर न्यायाधीश झालीस?

ओल्या फडक्याने गिटार मरत नाही. मरत असती तर माझ्या दुकानात रोज एक प्रेत आलं असतं. तेव्हा कोर्टात स्वतःला उभं करणं बंद कर.

साडेआठ कमी आहे. माझ्या हातची गिटार आहे, बारा तरी द्यायला हवी.

आधी तारा बदल. जुन्या तारेवर घाम आणि मळ बसतो, मग ती थरथरत नाही, नुसती कण्हते. नवीन तारा या पाकिटात आहेत. मग तारांच्या खालचे दोन पिकअप बघ. त्यांच्यात लोहचुंबक असतो. तो तारेला फार जवळ आला की तिला ओढून धरतो, मोकळं हलू देत नाही. तुझ्या आईसारखं. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवून पिकअप खाली घे. जास्त नको. सोबत चित्र काढलं आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं आहे, हसू नकोस.

आणि सहज विचारतो. प्रेसवर फार आवाज असतो म्हणतात. पोराचे कान ठीक आहेत ना?

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

चित्र इतकं नीट होतं की मला आमच्या पुस्तकातल्या आकृत्यांची लाज वाटली.

तारा बदलल्या. पिकअप अर्धा फेरा खाली घेतले, मग चुकलं असेल म्हणून परत वर, मग परत खाली. आता दहा सेकंद. चोरून करायचं म्हटलं होतं, पण नव्या तारांची चकाकी कुठे लपते? दादाने बघितलं, तेव्हा तुम्हाला पत्र लिहिलंय हे मीच सांगून टाकलं. तो चिडला नाही. "मामांना सांग, गिटार नाजूक झालीय, म्हातारी झालीय," एवढंच म्हणाला. वाजवून बघितली. मान हलवली. "थोडी बरी. पण मेलाच."

कानांचं विचारलंत. त्याची काळजीच नको. दोन वर्षांपूर्वी कारखान्याच्या डॉक्टरांनी सगळ्यांचे कान तपासले होते. कागद घरी आला, घरातले सगळे कागद मीच वाचते, हाही मीच वाचला. दोन्ही कानांना साठ. पहिला वर्ग! दादा महिनाभर सगळ्यांना सांगत होता, "शाळेत मी पस्तिसाच्या वर कधी गेलो नाही, पण कानांनी घराण्याचं नाव काढलं." आईने शेजारणीला बोलावून तो कागद दाखवला होता.

तो मोठ्याने बोलतो हे खरं, पण प्रेसवरचे सगळेच तसे बोलतात. रेडिओही मोठा लावतो. आई ओरडते, "भिंतीला ऐकवतोस का?" त्याचं लक्षच नसतं हल्ली. दार वाजलं तरी मलाच उठावं लागतं. गिटारच्या काळजीने झालं असेल.

पुढे काय करू?

भाची


८ मार्च

वकीलसाहेब,

पहिला वर्ग वाचून हसलो. आपल्या खानदानात पहिला वर्ग, तोही कानाला. ठीक आहे, तो विषय मिटला.

आता जे लिहितो ते तुझ्यापाशीच ठेव, नाहीतर त्यालाही दाखव, तुला वाटेल तसं. गिटारची मान धडात बसते तो खळगा मी कापला, तेव्हा हात घसरला. एक केसभर खोल गेला. नवीन धड करायला वेळ नव्हता, पोरगं दुसऱ्या दिवशी कामावर लागणार होतं आणि मी शब्द दिला होता. मग मी एका जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून मानेखाली घातला आणि वरून चार स्क्रू आवळले. बाहेरून काही दिसत नाही. सात वर्षं कोणाला बोललो नाही. तू पहिलं पत्र लिहिलंस तेव्हाच मला कळलं की हाच असणार. तरी आधी तारा न् पिकअप सांगत बसलो.

सूर म्हणजे मान आणि धड एकमेकांना धरून किती वेळ थरथरतात तो वेळ. मध्ये पुठ्ठा असला की तो थरथर पिऊन टाकतो. लाकडाला लाकूडच भिडलं पाहिजे.

सोबत एक पातळ लाकडी पट्टी पाठवतो. बरोबर मापाची आहे, मी पुन्हा पुन्हा मोजली. तारा सैल कर, मागचे चार स्क्रू काढ, पुठ्ठा फेकून दे, ही पट्टी पूर्ण खळगाभर बसव. स्क्रू कोपऱ्याला कोपरा असे आवळ. घाई नको. स्क्रू शेवटचा गप्प बसतो ते हाताला कळतं.

पोराला सांग मामा चुकला. नाहीतर नको सांगू. बघ.

मामा


२९ मार्च

मामा,

उशीर झाला. आधी हिंमत होत नव्हती, नंतर लिहवत नव्हतं.

मान काढताना एक स्क्रू निसटून पलंगाखाली गेला आणि मला वाटलं सगळं संपलं. आईने विजेरी धरून शोधून दिला. पुठ्ठा सापडला. त्यावर अजून अर्धा मंगळवार दिसतो. फेकला नाही, माझ्या कंपास पेटीत ठेवलाय. तुम्हाला त्यासाठी सात वर्षं वाईट वाटत होतं हे वाचून मला रडू आलं, आणि थोडं बरंही वाटलं. माझं ओलं फडकं मला तेव्हा फार लहान वाटलं.

पट्टी बसवली. कोपऱ्याला कोपरा आवळली. वाजवून बघितली आणि घड्याळाकडे बघतच राहिले. चौदा सेकंद! दहापैकी आठ वेळा चौदा, दोनदा साडेतेरा. शेवटी तर श्वास रोखून ऐकावं लागतं, खोलीच्या कोपऱ्यात कोणीतरी हळूच गुणगुणत असल्यासारखं. आई मशिन थांबवून म्हणाली, "अगं बाई, संपतच नाही की."

संध्याकाळी दादा आला. मी गिटार हातात दिली. त्याने हातसुद्धा धुतले नाहीत. वाजवली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. सूर चालू होता, मामा, मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि त्याने मान हलवली.

"मेला," म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, चौदा सेकंद आहेत. मी दहा वेळा मोजलेत, हा तक्ता बघ."

"तुझ्या कागदावर चौदा लिहिले की चौदा होतात का?"

"मी खोटं लिहीन का?"

"तू नाही लिहिणार. पण तुम्ही सगळे मिळून मला बरं वाटावं म्हणून काहीतरी करताय. तो ड्रमवाला, तू, मामा. मला लहान समजू नका."

आणि त्याने ती खिळ्याला टांगली. एप्रिल यायच्या आधीच. परवा ड्रमवाला आला होता. बराच वेळ चपलेशी खेळत दारात उभा राहिला. म्हणाला, थोडे शनिवार दुसऱ्या एकाला घेतलंय, दादाला जरा विश्रांती मिळेल. दादा "बरं" म्हणाला. एवढंच. आता तो कामावरून येतो, जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो.

माझी मोजणी चुकते आहे का? घड्याळ बिघडलं असेल का?

भाची


५ एप्रिल

पोरी,

घड्याळ बिघडलेलं नाही. तुझी मोजणीही बरोबर आहे.

आतापर्यंत घड्याळ तुझ्या हातात होतं. आता गिटार तू वाजव आणि घड्याळ त्याच्या हातात दे. त्याला म्हणावं, सूर संपला की बटण दाब. पाच वेळा कर. तू तुझ्यापुरतं मनात मोज, पण त्याला कळू देऊ नकोस.

मग तो कानांचा कागद काढून नीट वाच.

मामा


१४ एप्रिल

मामा,

त्याचे: चार. सव्वाचार. चार. साडेचार. चार.

माझे: चौदा, चौदा, साडेतेरा, चौदा, चौदा.

पहिल्या वेळी त्याने बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, पटलं?" सूर अजून खोलीत होता. मी "हो" म्हटलं. आई मशिनवरून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं. ती उठून पाणी प्यायला गेली.

मग मी घरातल्या कागदांची फाइल काढली.

मामा, साठ हे गुण नव्हते. कागदावर दोन रांगा आहेत, उजवा कान, डावा कान. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत एकेक आकडा: वीस, पंचवीस, पस्तीस, पन्नास, साठ. मी चढते आकडे बघितले आणि शेवटचा सगळ्यात मोठा म्हणून तोच निकाल धरला. आज प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं. आवाज किती मोठा केला तेव्हा त्या माणसाला ऐकू आला, तो आकडा असतो तो. जितका मोठा तितका कान गेलेला. पंचवीसच्या आत असेल तर ठीक. सर म्हणाले, "कोणाचा आहे? साठ म्हणजे बराच गेलाय." मी म्हटलं, ओळखीच्या एकाचा.

खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत दोन ओळी आहेत. कानाला संरक्षण द्यावे, आवाजाच्या जागेवरून हलवावे, सहा महिन्यांत पुन्हा तपासावे. त्यातले तीन शब्द मला तेव्हा येत नव्हते. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. दादा हात पुसत समोर उभा होता, आई चुलीपाशी, आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्यासमोर "मला हे येत नाही" म्हणायची मला लाज वाटली. मी आकडा बघितला आणि म्हटलं, पहिला वर्ग.

तुम्हाला आठवतं, दादाने शाळा सोडली तेव्हा काय म्हणाला होता? "घरात एकीने नीट वाचायला शिकलं की झालं. बाकीच्यांचं ती वाचेल." मी वाचलं, मामा. आणि त्यानंतर दोन वर्षं तो रोज नऊ तास त्याच प्रेससमोर उभा राहिला.

त्याला अजून सांगितलेलं नाही. तो आत्ता माझ्यापासून चार हातांवर बसला आहे. आता तुम्हाला फोन केला तरी चालेल, त्याला ऐकू जाणार नाही. म्हणूनच माझ्याने करवत नाही.

भाची


२० एप्रिल

पोरी,

पत्र दोनदा वाचलं. दुकान बंद करून बसलो.

कानांचं मी विचारलं होतं, तू उत्तर दिलंस आणि मी हसलो. चाळीस वर्षं सुरांच्या धंद्यात आहे, साठ कसले असतात हे मला विचारायला सुचलं नाही. तुझं शिक्षण बघून मी गप्प बसलो. आपल्या घरात सगळेच तुझं शिक्षण बघून गप्प बसतात. त्यातला माझा वाटा मी घेतो.

पण त्याला तूच सांग. आईने नाही, मी नाही. तू. तो ओरडला तर ओरडू दे. माझ्या पुठ्ठ्याला सात वर्षं लागली. तू सात दिवससुद्धा घेऊ नकोस. आणि दवाखान्यात घेऊन जा, लगेच.

त्याच्या समोर बसून सांग. चुलीपाशी पाठ करून, किंवा दारातून जाता जाता नको. त्याला तुझे ओठ दिसले पाहिजेत.

मामा


१८ मे

मामा,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी सांगितलं. कागद त्याच्यासमोर ठेवला, आकड्यांवर बोट ठेवून काय ते सांगितलं, मी तेव्हा काय वाचलं आणि काय वाचलं नाही ते सांगितलं. तो पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या लक्षात आलं की तो कितीतरी महिने असाच बघतोय, आणि मला वाटायचं माझं बोलणं त्याला आवडतं.

मी थांबले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे नापास?"

मी हो म्हटलं.

"तरीच," म्हणाला. मग बाहेर गेला. मी दारात उभी राहिले. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथे बराच वेळ उभा राहिला, परत आला आणि जेवला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यात नेलं. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलेलं सांभाळायचं. त्याला आता प्रेसवरून काढून खोकी बांधायच्या खात्यात घेतलंय. कानात घालायचं यंत्र सांगितलंय, त्याचा नंबर लागायला वेळ आहे. शनिवारी दुसराच मुलगा वाजवतो. ड्रमवाला एकदा येऊन गेला. दादाच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता.

नवीन कागद आला तेव्हा मला वाटलं, आता तो मला वाचायला देणार नाही. त्याने पाकीट फोडलं आणि माझ्याच हातात दिलं. म्हणाला, "वाच, वकीलसाहेब. सगळं वाच." मी प्रत्येक आकडा वाचला, प्रत्येकाचा अर्थ सांगितला. खाली एक शब्द होता. मी म्हटलं, "हा मला येत नाही." तो म्हणाला, "मग विचारून ये." मी गेले आणि विचारून आले.

गिटार त्याने खिळ्यावरून काढली आहे. हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहिते, पण तुम्ही समजाल तसं नाही. रोज संध्याकाळी तो समोर बसतो, तोच सूर छेडतो आणि माझ्याकडे बघतो. चार सेकंदांनी बोट वर करतो, म्हणजे त्याचा संपला. मग तो मला विचारतो.

"आहे?"

मी मान डोलावते.

"अजून?"

डोलावते.

"अजून?"

मामा, तुमची पट्टी फार चांगली बसली आहे. चौदाच्या चौदा सेकंद मिळतात. त्यातले, त्याचे चार संपल्यापासून माझे चौदा संपेपर्यंतचे, मधले दहा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो. आई तेवढा वेळ मशिन थांबवते. सूर बारीक होत जातो, कोपऱ्यात जातो, आणि तो माझ्या तोंडावरून कळावा म्हणून दादा पापणीही हलवत नाही.

काल तेराव्या सेकंदाला मला वाटलं, संपल्यावरही अजून एकदा मान डोलवावी. एकदाच. त्याला काय कळणार होतं?

सूर संपला. मी "नाही" म्हणून मान हलवली.

तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा तार छेडली.

भाची